टोमण्यांनी वजन उतरत नाही, चालणं मात्र सुटतं

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं होतं. हॉलच्या दारातच वजनकाटा ठेवलेला, पुढच्या टेबलावर रक्तदाब, त्याच्या पुढे साखर आणि शेवटच्या खुर्चीवर डॉक्टर. काट्यापाशी उभा असलेला मुलगा आकडा मोठ्यानं वाचायचा, पलीकडची मुलगी तो वहीत उतरवायची. मी रांगेत होते, माझ्या पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या पुढच्या गृहस्थांचा आकडा मुलानं "एकशे चार" असा पुकारला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "काटा बदला आता, धान्याच्या दुकानातला आणा." सगळे हसले, ते गृहस्थही हसले. काकूंनी अर्धवट काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. "कुकर लावून आलेय, बघून येते," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. शिबिर दुपारी दोनला आटोपलं. काकू परत आल्या नाहीत.

त्यांना कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांचा रक्तदाब मोजला गेला नाही, साखरही तपासली गेली नाही. त्यांच्या आईला मधुमेह होता. त्या रांगेतल्या ज्या माणसांची साखर तपासायलाच हवी होती, त्यांत काकू होत्या.

लठ्ठपणा सध्या सगळीकडे चर्चेत आहे. २३ फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी खाद्यतेल १० टक्के कमी वापरायचं आवाहन केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. तेल, साखर, इंजेक्शन यांवर भरपूर बोललं जातं. काकूंना जिन्याकडे वळवणाऱ्या गोष्टीवर मात्र फारसं कोणी बोलत नाही. तिचाही अभ्यास झालेला आहे, आणि 'बोलल्यानं माणूस सुधारतो' ही घराघरांतली समजूत त्यात टिकत नाही.

शिक्का म्हणजे नेमकं काय

संशोधक या गोष्टीला 'वेट स्टिग्मा' म्हणतात. मी त्याला वजनाचा शिक्का म्हणते. शरीराच्या आकारावरून माणसाचा स्वभाव ठरवून टाकायचा, म्हणजे हा शिक्का मारायचा. जाड आहे म्हणजे आळशी, खादाड, मनावर ताबा नसलेला.

बाहेरून बसणारा शिक्का आपण रोज ऐकतो. शाळेत 'ढोल्या', 'भोपळा'. लग्न जमवताना "मुलगी तशी चांगली आहे, पण अंगानं जरा भरलेली." बाळंतपणानंतर "किती सुटलीस गं!" कपड्यांच्या दुकानात घडी उलगडायच्या आधीच "तुमच्या मापाचं नाही येणार." कधी शब्दांची गरजही पडत नाही. शेअर रिक्षात शेजारचा अंग चोरून सुस्कारा टाकतो, पंगतीत जिलबीवाला एका पानाशी न थांबता पुढे सरकतो.

आतला शिक्का याहून वाईट. तेच ते ऐकून माणूस स्वतःबद्दल तेच खरं मानायला लागतो. कैरीच्या फोडीत मीठ मुरतं, तसं ते मुरत जातं. आणि काकूंचं झालं ते आणखी वेगळं. आता आपली पाळी येणार, या धास्तीनंच त्या बाजूला झाल्या.

(सडपातळ माणसांनाही 'काडी', 'फुंकर मारली तर उडेल' असं ऐकावं लागतं आणि तेही लागतंच. इथे जास्त वजनाबद्दल लिहितेय, कारण त्या टोमण्यांना आपण आरोग्याच्या काळजीचं नाव देतो.)

वजन आपल्या हातात असतं का?

थोडंफार असतं. पण समजतो तितकं नाही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो. पाणी खाली गेलं की बॉल खाली येतो, नळ उघडतो आणि टाकी पुन्हा भरते. शरीरातही असाच एक बॉल आहे. वजन उतरायला लागलं की मेंदू त्याला संकट समजतो. भूक वाढवणारे संदेश जोर धरतात, पोट भरल्याचे संदेश मंदावतात, शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. म्हणून पहिले चार किलो पटकन उतरतात आणि पुढचे दोन उतरता उतरत नाहीत. कुणाच्या टाकीत बॉल वर बसवलेला असतो, कुणाच्या खाली, आणि तो कुठे बसावा यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो.

संशोधक क्लोद बुशार यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला याबाबतीत फार बोलका वाटतो. त्यांनी तरुण जुळ्या भावांच्या १२ जोड्या घेतल्या आणि आठवड्यातले सहा दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या. एकूण ८४ दिवस जादा खाणं, सगळ्यांना सारखंच. शेवटी कुणाचं वजन ४.३ किलोनं वाढलं, कुणाचं १३.३ किलोनं. पण एकाच जोडीतले दोघे भाऊ एकमेकांच्या बरेच जवळ राहिले. म्हणजे जादा घास तेवढेच, आणि वाढ कुणाची तिप्पट. हे बघून त्या १३ किलोवाल्याला 'हावरट' म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं. डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांचा १९८६ सालचा अभ्यासही तेच सांगतो. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांकडे झुकत होती. ज्यांच्या घरी ती जेवून वाढली, त्यांच्याकडे झुकलेली दिसली नाही.

शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, पीसीओडी, थायरॉइड, रात्रपाळी, अपुरी झोप. यांतलं काही समोरच्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

याचा अर्थ खाण्याचा आणि हालचालीचा काही संबंध नाही असा कुणी काढू नये. आपले जनुक पन्नास वर्षांत बदलले नाहीत, तरी देशात जादा वजनाच्या माणसांचं प्रमाण वाढलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या २०.६ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. २०१९-२१मध्ये हा आकडा २४ टक्क्यांवर गेला. बाजारात काय स्वस्त मिळतं, कामाला किती तास बसून राहावं लागतं, घराजवळ चालायला फुटपाथ आहे का, याचा हा परिणाम आहे. बॉल प्रत्येकाचा वेगळा आणि पाणी सगळ्यांकडेच जास्त दाबानं येतंय, असं समजा.

नुसतं बघून आरोग्य कळतं का?

वजन मोजताना बीएमआय हा शब्द येतोच. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, इतकंच ते गणित आहे. बेल्जियमच्या आदोल्फ केतले या गणितज्ञानं ते एकोणिसाव्या शतकात लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी मांडलं, एकेका रुग्णाला पास-नापास करण्यासाठी नव्हे. बीएमआय हे नाव तर १९७२ साली मिळालं. जगात ३०च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांना त्रास लवकर सुरू होतो म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ २५ पासूनच धरतात.

त्रास लवकर का, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी एक छोटा लेख दिला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. बघायला दोघेही सडसडीत. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

माझ्या मते वजनावरून बोलणाऱ्या प्रत्येकानं हा फोटो एकदा बघावा. शिक्क्याचा दुसरा बळी त्यात दिसतो. "मी कुठे जाड आहे, मला कशाला साखर होईल?" असं म्हणत तपासणी टाळणारे सडपातळ लोक आपल्या प्रत्येक घरात आहेत. आकारावर नजर खिळली की जाड माणसाला लाज वाटते आणि बारीक माणूस गाफील राहतो.

चालणं कसं सुटतं

आता सवयींकडे येऊ. डॉक्टर सांगतात आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०२२ मधली स्थिती मांडली आहे: भारतातले जवळपास निम्मे प्रौढ इतकीही हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण ५७ टक्के आहे.

चालायला पैसे लागत नाहीत, पण लोकांसमोर चालावं लागतं. अडचण तिथे आहे. आमच्या जवळच्या उद्यानात एक बाई पहाटे पाचला, दिवे लागलेले असताना, चार फेऱ्या मारतात आणि उजाडायच्या आत घरी जातात. थंडीत अंधार लांबतो तेव्हा त्यांना बरं वाटतं, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सहानंतर कट्ट्यावर पोरं बसतात." पावसाळ्यात दिवे गेले की त्यांचं चालणं बंद. कोण किती चालतं ते पायांवर ठरतं असं आपण धरून चालतो. इथे ते कट्ट्यावर ठरत होतं.

बहुतेकांची गोष्ट याच्याही आधी, शाळेत सुरू होते. पीटीच्या तासाला खो-खोच्या दोन फळ्या पाडताना शेवटी उरलेलं मूल आठवा. त्या मुलानं खेळाबद्दल काय शिकलं? घाम येणं म्हणजे हसू होणं. पुढे तीस वर्षांनी त्याला कोणी 'जिमला जा' म्हणालं की अंगात तोच तास जागा होतो. वजनावरून ज्यांना जास्त ऐकावं लागलं ती माणसं लोकांसमोर व्यायाम करायचं टाळतात, हे अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे. इच्छा असूनही टाळतात, हे विशेष.

ताटावरची नजर

माझ्या नात्यातली एक बहीण लग्नकार्यात भात आणि वरण एवढंच घेते. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाली, "ताई, माझ्या ताटात काय आहे ते सगळा हॉल बघत असतो." घरी आल्यावर रात्री साडेअकराला ती स्वयंपाकघरात उभ्यानं फरसाण खाते, डब्यातून थेट, दिवा न लावता. दिवसभर रोखून धरलेली भूक आणि दिवसभर झेललेल्या नजरा, दोन्ही त्या डब्यापाशी एकत्र येतात. सगळ्यांबरोबर बसून, सावकाश, चवीनं जेवणं ही खाण्याची सगळ्यांत चांगली सवय. नेमकी तीच तिच्या हातून गेली.

याची चाचणी प्रयोगातूनही झाली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात काही स्त्रियांना जाड माणसांची टिंगल करणारी चित्रफीत दाखवली, काहींना साधी. नंतर समोर खाऊ ठेवला. ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांच्यापैकी टिंगल पाहिलेल्यांनी साधी चित्रफीत पाहिलेल्यांच्या तिपटीहून अधिक कॅलरी खाल्ल्या.

असं का व्हावं? अपमान हा शरीराच्या लेखी ताण असतो. ताणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. शिकारी मागे लागला असता तर ते उपयोगी पडलं असतं. टोमण्यांच्या ताणात मात्र त्यानं पटकन ऊर्जा देणारं गोड, तळलेलं खावंसं वाटतं आणि ताण रोजचाच झाला तर पोटाभोवती चरबी साठायला मदत होते. त्यात मनाचीही शक्ती खर्च होते. "कोण बघतंय, काय म्हणतील" या पहाऱ्यावर दिवसभर उभं राहिलेलं मन रात्री डब्यासमोर थकून जातं. झोपेचंही तेच. रात्री अपमान घोळवत पडलेल्याला झोप लागत नाही आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते.

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडीचं चाक चिखलात रुततं तेव्हा काय होतं, ते आठवा. आत बसलेला चिडून ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जोरात फिरतं आणि आणखी खोल जातं.

दवाखान्याची पायरी

याबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण इथे नुकसान जिवावर बेतू शकतं.

गुडघा दुखतोय म्हणून जावं तर "वजन कमी करा". पाळी अनियमित आहे, "वजन कमी करा". धाप लागते, "वजन कमी करा". काही वेळा हा सल्ला बरोबरही असतो. पण तपासायच्या आधीच दिला, तर धाप हृदयामुळे लागतेय की रक्त कमी झाल्यामुळे, हे बघायचं राहून जातं. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा जात नाही. अंगावर काढतो. कर्करोगाच्या नियमित तपासण्या स्त्रिया लाजेपोटी पुढे ढकलतात, हे अमेरिकेतल्या पाहण्यांत नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे तर पदर बाजूला करायचाच संकोच, त्यात ही भर.

एक साधी वस्तू घ्या, रक्तदाब मोजायचा पट्टा. दंड जाड आणि पट्टा नेहमीच्या मापाचा असला तर रक्तदाब खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० अंकांनी चढा आला. १२० असेल तर १४० दिसणार! काही जणांना नको असलेली गोळी लागू शकते ती अशी. मोठा पट्टा ठेवणं हा खर्चाचा प्रश्न नाही. तो लागेल, हे कुणाच्या मनात आलं पाहिजे.

"आधी वजन, मग टोमणे. उलटं कशावरून?"

शंका रास्त आहे. ज्यांचं वजन वाढत होतं त्यांनाच जास्त ऐकावं लागलं असेल आणि आपण उगाच टोमण्यांना दोष देत असू. म्हणून संशोधकांनी सुरुवातीचं वजन हिशेबात धरून माणसांचा वर्षानुवर्षं माग काढला.

इंग्लंडमधल्या ५० वर्षांवरच्या २,९४४ लोकांच्या अभ्यासात चार वर्षांत वजनावरून वाईट वागणूक मिळालेल्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं. न मिळालेल्यांचं ०.७१ किलो उतरलं. अमेरिकेत ६,१५७ लोकांच्या अभ्यासात, सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना अशी वागणूक मिळाली ते चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. आणि २,३७९ मुलींच्या अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ गप्प बसले. दहाव्या वर्षी ज्यांना कोणीतरी 'फार जाड आहेस' म्हटलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता दीडपटीहून अधिक होती. दहाव्या वर्षी असं ऐकलेली आणि न ऐकलेली, दोघींचं वजन सारखं असलं, तरीही.

अशा पाहण्यांतून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्यांना वरच्या चित्रफितीसारख्या प्रयोगांची जोड आहे. तिथे कुणी टिंगल बघायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं ठरलं होतं, वजनानं ठरवलं नव्हतं.

"पण बोलल्याशिवाय सुधारणार कसं?"

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. आई म्हणते, सासू म्हणते, मित्र म्हणतो, आणि बहुतेकांच्या मनात खरंच काळजी असते. ती काळजी मी खोटी मानत नाही. पण एक विचारते: ज्याचं वजन जास्त आहे त्याला ते माहीत नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं? त्यानं ते पहिलीपासून ऐकलंय. बातमी म्हणून त्या वाक्यात काहीच नसतं. उरते ती फक्त बोच.

सिगारेटचा दाखला दिला जातो: तिला नावं ठेवली म्हणून ती कमी झाली ना? सिगारेट बाजूला ठेवून माणूस चारचौघांत येऊ शकतो. शरीर घरी ठेवून येता येत नाही. आणि सिगारेट कमी झाली त्यात कर, जाहिरातबंदी, सार्वजनिक जागी मनाई यांचा वाटा मोठा होता. तिथे आपण वस्तूच्या मागे लागलो. इथे माणसाच्या मागे लागतो.

"मग लठ्ठपणाला चांगलं म्हणायचं?"

अजिबात नाही. जादा चरबीमुळे, विशेषतः पोटाभोवतीच्या, टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणं, काही कर्करोग यांचा धोका वाढतो. हे लपवणं म्हणजे लोकांशी खोटं बोलणं. आजाराबद्दल स्पष्ट बोलावं. टीबीबद्दल आपण स्पष्ट बोलतो आणि टीबी झालेल्याला हिणवत नाही. निदान हिणवू नये, हे तरी शिकलोय.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगानंही हाच धागा धरला. नुसत्या बीएमआयवरून एखाद्याला आजारी ठरवू नका, अवयवांच्या कामावर परिणाम झालाय का ते बघा, कंबर मोजा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तपासणी अधिक नीट करा. ती करायची तर माणूस आधी खुर्चीत येऊन बसला पाहिजे.

काटा हलला नाही तरी

कुणी तीन महिने नेटानं चालतं, रात्रीचं जेवण लवकर घेतं, आणि काटा दीड किलोच खाली येतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "काही फरक दिसत नाही." आणि चालणं बंद! मला सर्वांत हळहळ वाटते ती इथे.

कारण फरक पडलेला असतो. नियमित चालण्यानं वजन न उतरताही रक्तदाब कमी होतो, इन्सुलिन नीट काम करू लागतं, झोप सुधारते, पायांत ताकद येते. अमेरिकेतल्या ११,७६१ प्रौढांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या: भरपूर फळं-भाज्या, नियमित व्यायाम, तंबाखू नाही, दारू मर्यादेत. चारांपैकी एकही सवय नसलेल्यांत लठ्ठ माणसांना मृत्यूचा धोका बराच जास्त होता. चारही सवयी असलेल्यांत लठ्ठ आणि बेताच्या वजनाच्या माणसांमधलं अंतर जवळपास मिटलं होतं. एका अभ्यासावर सगळं तोलू नये, पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. बक्षीस सवयीला मिळतं. काट्यालाच परीक्षक केलं की नापास झालेला माणूस ती सवयही सोडून देतो.

"इंजेक्शन म्हणजे पळवाट"

हा शिक्क्याचा नवा अवतार. जाड असताना 'आळशी', औषध घेतलं तर 'कष्ट नकोत'. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण पळपुटा म्हणत नाही. ही औषधं आतड्यातून निघणाऱ्या, पोट भरल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करतात. म्हणजे टाकीतला तो बॉलच थोडा खाली आणतात. ती महाग आहेत, त्यांचे दुष्परिणाम आहेत, थांबवल्यावर वजन बऱ्याचदा परत येतं, आणि डॉक्टरांशिवाय ती घेऊच नयेत. पण ती घेतलेले अनेक जण सांगतात की डोक्यातली खाण्याची सततची कुजबुज थांबली. आठवड्याच्या एका इंजेक्शननं जी थांबते, ती कुजबुज स्वभावातला दोष कशी असेल?

घरात, दवाखान्यात काय बदलता येईल

डॉक्टरांसाठी कॅनडाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांतली पहिली पायरी मला आवडते: आधी परवानगी विचारा. "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" एवढंच. रुग्ण म्हणून तुम्हीही म्हणू शकता, "डॉक्टर, वजनाचं बोलू, पण माझं वजन बेताचं असतं तर या दुखण्यासाठी तुम्ही काय तपासलं असतं, तेही करूया." मी हे वाक्य एका मैत्रिणीला लिहून दिलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं आणि डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली.

घरात मुलांच्या शरीरावर बोलणं बंद करावं, कौतुकानंसुद्धा. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेही आकारालाच दिलेले गुण आहेत. एका मुलासाठी वेगळा स्वयंपाक नको. भाजी वाढवायची तर सगळ्यांच्याच ताटात वाढवा. "चालायला जा" म्हणण्यापेक्षा चप्पल घालून "चल, दूध आणूया" म्हणा. पाहुण्यांचं स्वागत "तब्येत सुधारलीय" या वाक्यानं करायची आपली जुनी रीत आहे. ती सोडायला मलाही वेळ लागला.

यंदाच्या शिबिराआधी मी सोसायटीच्या समितीकडे गेले. वजनकाटा दारातून उचलून शेवटी, पडद्याआड ठेवायचं ठरलं. आकडा पुकारायचा नाही, चिठ्ठीवर लिहून त्या माणसाच्या हातात द्यायचा, आणि ज्याला वजन करायचं नाही त्यानं पुढे जायचं. शिबिर घेणाऱ्यांकडून मोठ्या मापाचा पट्टा मागवून घेतला.

काकू अकराच्या सुमारास आल्या, आदल्या वर्षीच्याच चपला. रक्तदाब घेणाऱ्या मुलीनं त्यांच्या दंडाकडे एकदा पाहिलं, हातातला पट्टा खाली ठेवला आणि काही न बोलता दुसरा उचलला. त्यांनी साखरेसाठी बोट पुढे केलं, आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठीची घडी पर्समध्ये ठेवली आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बराच वेळ बोलत बसल्या. नंतर त्या पडद्याआड गेल्या की नाही, ते मी पाहिलं नाही.